लहान शाळेतली शिस्त : या चुका टाळा

शाळेत दंगा वाढला की शिक्षक खोलीत पहिला प्रश्न येतो, "कोण करतंय?" आधी विचारायला हवं, "कधी होतंय आणि कुठे?" पाच-सहा शिक्षक आणि दीडशे-दोनशे मुलं असलेल्या वस्तीतल्या शाळेत बहुतेक भांडणं ठरावीक जागी होतात. परिपाठाआधीचा रिकामा वेळ, खिचडीची रांग, हात धुण्याचा नळ, मधल्या सुट्टीनंतर वर्गात शिरतानाची दहा मिनिटं, आणि एखाद्या बाई रजेवर असल्या की मोकळा पडलेला तास. सोलापूरच्या पूर्व भागातली शाळा घ्या नाहीतर अक्कलकोट रस्त्यावरची, यादी फारशी बदलत नाही.

चूक पहिली : नोंद न ठेवता निष्कर्ष काढणे

शंभर पानी वही घ्या आणि पाच रकाने आखा : तारीख, वेळ, जागा, नेमकं काय घडलं, आपण काय केलं. "खूप त्रास दिला", "उद्धट वागला" असं लिहू नका. "रांगेत पुढच्याला ढकललं, त्याची ताटली पडली" असं लिहा. दोन आठवडे सगळ्या शिक्षकांनी एकाच वहीत लिहायचं. वही कपाटात कुलपात ठेवायची, कारण तिच्यात मुलांची नावं असतात.

दोन आठवड्यांनी जागेचा रकाना वाचा. समजा निम्म्या नोंदी नळाजवळच्या निघाल्या. चार तोट्यांपैकी दोनच चालू, सगळ्या वर्गांची सुट्टी एकदम, आणि तिथे एकही मोठं माणूस नाही, अशी परिस्थिती असेल तर मुलांना कितीही दटावलं तरी ढकलाढकली होणारच. आधी तोट्या दुरुस्त करा. पहिली ते तिसरीला दहा मिनिटं आधी सोडा. एक शिक्षक नळाजवळ उभा राहू दे, तोंड रांगेकडे करून. सुट्टी संपताना दोन घंटा द्या : पहिल्या घंटेला पाणी पिणं आणि लघवीला जाणं, पाच मिनिटांनी दुसऱ्या घंटेला रांग. एकाच घंटेत सगळं उरकायला लावलं की निम्मी मुलं तास सुरू झाल्यावर "बाई, पाणी प्यायला जाऊ?" म्हणत उठतात आणि तासाची पहिली दहा मिनिटं जातात.

जोडवर्गात अशीच गडबड फळ्यामुळे होते. तिसरीला शिकवत असताना चौथीला काम नसेल, तर चौथी स्वतःचं काम शोधते. वर्गात शिरायच्या आधीच फळ्याच्या अर्ध्या भागावर चौथीचं काम लिहून ठेवा. काम लवकर संपवणाऱ्यांनी पुढे काय करायचं, तेही खाली लिहा.

उशिरा येणाऱ्याला दाराबाहेर उभं करणे

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. पाणी आलं की घरातली मोठी पोरगी हंडे भरल्याशिवाय बाहेर पडू शकत नाही. आई वळलेल्या बिड्या द्यायला गेली असेल तर धाकट्या भावाला सांभाळून मग शाळा. अशा मुलीला अर्धा तास बाहेर उभं केलं की तिचा पाठ बुडतो, आणि पुढच्या वेळी ती उशिरा येण्यापेक्षा घरीच राहते.

उशिराची कारणं महिनाभर हजेरीपटाशेजारी एका शब्दात टिपा : पाणी, भाऊ, झोप, रस्ता. पालकांकडून वस्तीतल्या पाण्याचे दिवस विचारून घ्या आणि त्या दिवशी पहिला अर्धा तास वाचन किंवा उजळणीचा ठेवा, नवा पाठ नको. उशिरा आलेल्याने मागच्या बाकावर गुपचूप बसायचं आणि कारण मधल्या सुट्टीत सांगायचं. दारात उभं करून सगळ्यांसमोर चौकशी केली की सगळ्या वर्गाचं लक्ष तिकडेच जातं. रोज नुसताच रेंगाळणारा मुलगा या नोंदीत आपोआप वेगळा दिसतो, त्याच्या घरी मग बोलता येतं.

न कळलेल्या सूचनेला उद्धटपणा समजणे

इथल्या अनेक मुलांची घरची भाषा तेलुगू, कन्नड किंवा उर्दू असते. मराठी माध्यमात पहिली-दुसरीला आलेलं मूल "दप्तरं बाजूला ठेवून पाट्या काढून दोघादोघांनी बसा" ऐकून शेजाऱ्याकडे बघतं. बाईंना वाटतं, ऐकत नाही. एका वेळी एकच सूचना द्या, सोबत हाताने दाखवा, आणि मग विचारा, "काय करायचं, सांग बघू?" वारंवार दुर्लक्ष करणाऱ्या मुलाचे कान आणि डोळे आधी तपासून घ्या.

नियमही चारच ठेवा आणि ते करून दाखवता येतील असे ठेवा. "शिस्त पाळा" हा नियम मुलाला करता येत नाही. "बोलायचं असेल तर हात वर", "वर्गात चालत यायचं" हे करता येतं. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात रोज पाच मिनिटं सराव घ्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि जानेवारीत गड्ड्याची जत्रा झाल्यावर पुन्हा घ्या, कारण त्या दिवसांत घडी मोडलेली असते.

शिक्षा : कायदा आणि व्यवहार

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. छडी बंद झाली तरी उठाबशा, अंगठे धरायला लावणं, उन्हात उभं करणं शाळांमधून गेलेलं नाही. आईच्या कामावरून, जातीवरून, आडनावावरून टोमणे मारणं हाही छळच. मुलं हे शब्द वर्षानुवर्षं विसरत नाहीत. खिचडी नाकारणं तर कोणत्याही कारणाने करू नये. ते मुलाच्या हक्काचं जेवण आहे.

"दाखला हातात देईन" ही धमकीही सोडा. कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. जे करता येणार नाही ते बोललं की पुढचं बोलणंही हलकं होतं.

एकाने केलं म्हणून सगळ्या वर्गाची शिक्षा केली, तर नीट वागणारी मुलं शिक्षकाच्या विरोधात जातात. खेळाचा तास काढून घेणंही उलट पडतं : ज्याला बसवत नाही त्यालाच आणखी बसवलं जातं. मार्च-एप्रिलमध्ये पत्र्याखालचा वर्ग दुपारी भट्टीसारखा तापतो. तिथली चुळबुळ पाण्याची सुट्टी वाढवून आणि लेखनाचं काम सकाळी घेऊन कमी होते.

मग करायचं काय? सगळ्या शिक्षकांनी एकच क्रम ठरवा. आधी शिकवणं न थांबवता मुलाजवळ जाऊन उभं राहा. मग हळू आवाजात नाव घ्या. मग जागा बदला. मग मधल्या सुट्टीत दोन मिनिटं एकट्याशी बोला. शेवटी घरी निरोप. नुकसान झालं असेल तर मुलाने ते भरून काढायचं : पाणी सांडलं तर पुसायचं, वही फाडली तर चिकटवून द्यायची. एक बाई हसून सोडतात आणि दुसरे सर त्याच गोष्टीवर ओरडतात, असं झालं की मुलं नियम शिकत नाहीत, माणसं ओळखायला शिकतात.

मॉनिटरला नावं लिहायला लावणे

फळ्यावर नावं लिहिण्याचा अधिकार मिळाला की आठवडाभरात पेन्सिल, गोळ्या, पतंगाचा मांजा यांवर नावं पुसली जाऊ लागतात. त्याऐवजी कामं वाटा : फळा, नळ, वाचनपेटी, ताटल्या. दर सोमवारी बदला. दंगा करणाऱ्यालाही पाळी द्या. कोण कसं वागलं हे सांगण्याचं काम कोणत्याच मुलाकडे नको.

पालकांना भर दुपारी बोलावणे

यंत्रमागावर किंवा बिडीवर पोट असलेल्या घरात कामाचे तास बुडले की तेवढी मजुरी बुडते. तो राग संध्याकाळी मुलाच्या पाठीवर निघतो. पालकांच्या सोयीची वेळ विचारा, दहा मिनिटांत संपवा. आधी एक चांगली गोष्ट, मग एक घटना, मग एक मागणी : "ताई, गणितात हात लवकर वर करतो. काल मात्र रांगेत त्याने एकाला ढकललं आणि त्याचं कोपर खरचटलं. घरी त्याला मारू नका, फक्त काय झालं ते शांतपणे विचारा." दुसऱ्या मुलाचं नाव सांगू नका. वस्ती लहान असते, शाळेच्या फाटकाशी बोललेलं सायंकाळपर्यंत गल्लीत पोचतं. व्हॉट्सॲप गटावर तर अशी गोष्ट टाकूच नये. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालकच असतात, म्हणजे मुलाचे शेजारी. तिथे तोट्या, रांगा, वेळा मांडा. एकट्या मुलाचं प्रकरण मांडू नका.

एक गोष्ट मात्र शिस्तीच्या वहीत बसवायची नाही. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर शाळेत मिटवामिटव करणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा ठरतं. लगेच पोलिसांना कळवायचं. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे, तो भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा.

एका वेळी एकच बदल करा आणि तीन आठवडे थांबा. नळ, रांगा, घंटा सगळं एकदम बदललं तर काय उपयोगी पडलं ते कळत नाही. नंतरही वहीत एकाच मुलाचं नाव येत राहिलं, तर त्याच्यासाठी एक शिक्षक नेमा. त्या शिक्षकाने रोज सकाळी परिपाठाआधी दोन मिनिटं त्याला भेटायचं, जेवलास का, झोप झाली का, आज कोणता तास जड जाणार, एवढंच विचारायचं, आणि शाळा सुटताना पुन्हा एकदा.