फ्लॅटपिकिंगची धून उजव्या हातात असते

सोलापूरच्या साखर पेठेत माझ्याकडे शिकायला येणारी पोरं सतत डाव्या हाताकडं बघतात. फ्लॅटपिकिंग म्हणजे अकूस्टिक गिटारवर पिकनं, बोटांत धरायच्या छोट्या चपट्या पट्टीनं, धून वाजवायची; तर आधी उजवा हात घडवा.

पिक जाड घ्या, 1 मिलिमीटर किंवा थोडं जास्त. पातळ पिक तारेवर लवतं आणि स्वर पिचका येतो. मनगट सैल ठेवा.

आता पांढरी पाचचा (G पट्टीचा) बिलावल, म्हणजे सगळे शुद्ध स्वर. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेचा तिसरा फ्रेट (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेला कप्पा) सा. पाचवी मोकळी रे, दुसरा फ्रेट ग, तिसरा म. चौथी मोकळी प, दुसरा ध, चौथा नी. तिसरी मोकळी, वरचा सा. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) 60 वर, म्हणजे मिनिटाला 60 टोल्यांवर लावा, एका टोल्याला दोन स्वर: टोल्यावर पिक खाली, मध्ये वर. तार बदलताना सलग दोनदा खाली मारायचा मोह होतो. तो आवराच, पुढं वेग तिथंच अडतो. दीर्घ स्वर असेल तेव्हाही हात हवेत वर-खाली चालू राहू दे. मला हीच या तंत्राची सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

अमेरिकन गिटारवादक डॉक वॉटसन (1923–2012) जरूर ऐका. फिडलच्या (व्हायोलिनच्या) चपळ धुना त्यांनी गिटारवर किती मोकळ्या वाजवल्यात!

मग तोंडपाठ असलेली एखादी आरती याच सप्तकात बसवा. मोकळ्या जागी कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा) हलका फटका द्या.

आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात गिटार भिंतीला टांगू नका, लाकूड तडकतं. केसमध्ये, भोकं पाडलेल्या साबणदाणीत घट्ट पिळलेला ओला स्पंज ठेवा.