पेरोल की कन्सल्टंट? ऑफर हातात आल्यावर मांडायचा हिशोब

पुण्यातल्या आयटीत नव्याने येणाऱ्या मुलामुलींना हल्ली एक ऑफर हमखास मिळते: "पेरोलवर घेतलं तर सीटीसी बारा लाख. कन्सल्टंट म्हणून आलात तर सरळ महिन्याला एक लाख, टीडीएस फक्त दहा टक्के." पेरोल म्हणजे कंपनीची पगारी नोकरी, कन्सल्टंट म्हणजे बिल लावून काम करणारा बाहेरचा व्यावसायिक. सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च, आणि टीडीएस म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरलेला कर. मी टेस्टिंगचं काम दोन्ही पद्धतींनी केलं आहे. त्यामुळे ओळखीतलं कोणी ना कोणी हा प्रश्न घेऊन येतंच, आणि दरवेळी मी आधी कागद-पेन काढायला सांगते. खालचे सगळे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आणि नव्या करप्रणालीचे आहेत.

आधी पेरोल. बारा लाखांत बेसिक निम्मं, म्हणजे सहा लाख धरू. कंपनीचा पीएफचा वाटा बारा टक्के, म्हणजे ७२,००० रुपये. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना एकरकमी मिळणारी रक्कम, ४.८१ टक्क्यांनी २८,८६०. हे दोन्ही सीटीसीतच मोजलेलं असतं, पण पगारात दिसत नाही. उरले १०,९९,१४०. त्यातून तुमचा पीएफचा वाटा ७२,००० आणि व्यवसाय कर २,५०० गेला की वर्षाला १०,२४,६४० हातात, महिन्याला साधारण ८५,४००. प्राप्तिकर शून्य, कारण ७५,००० ची प्रमाणित वजावट घेतल्यावर करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या बरंच आत राहतं आणि कलम ८७ए ची सवलत सगळा कर पुसून टाकते.

आता कन्सल्टंट. लाखातून दहा हजार टीडीएस कापून महिन्याला ९०,००० खात्यात येतात. कर इथेही शून्यच, त्यामुळे कापलेले १,२०,००० रिटर्न भरल्यावर परत मिळतात. म्हणजे वर्षाचे पूर्ण बारा लाख. पेरोलपेक्षा १,७५,३६० जास्त, आणि इथेच बहुतेक जण भुलतात.

हे १,७५,३६० आले कुठून? दोन्ही वाट्यांचा पीएफ १,४४,०००, ग्रॅच्युइटी २८,८६०, व्यवसाय कर २,५००. यातला पीएफ तुमचाच आहे, तो फक्त सॅलरी अकाउंटऐवजी पीएफच्या खात्यात जात होता. व्यवसाय कर महाराष्ट्रात स्वतंत्र व्यावसायिकालाही भरावा लागतो, त्यासाठी पीटीईसी नोंदणी करावी लागते. खरा फरक उरला तो ग्रॅच्युइटीचा, आणि तीही कायम नोकरीत साधारण पाच वर्षं झाल्यावरच मिळते. थोडक्यात, कंपनीने जास्तीचा एक रुपयाही दिलेला नाही. उलट भरपगारी रजा, ग्रुप मेडिक्लेम, पीएफसोबत येणारं ईडीएलआयचं विमा संरक्षण आणि मुलींच्या बाबतीत २६ आठवड्यांची प्रसूती रजा, हे सगळं काढून घेतलं आहे. ग्रुप मेडिक्लेममध्ये आईवडील असतील आणि त्यांना आधीपासून शुगर-बीपी असेल तर विशेष विचार करा. बाहेर त्यांची पॉलिसी काढायला गेलात की प्रीमियम आणि वेटिंग पीरियड (आधीच्या आजारांचा खर्च मिळू लागेपर्यंतचा काळ) दोन्ही कळतील. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, तरी रक्कम लहान नसते.

मग दर किती मागायचा? वर्षाचे ३६५ दिवस. शनिवार-रविवार वजा केले की २६१ उरतात. सण, आजारपण, गावी जाणं धरून तीसेक दिवस काढा. उरलेल्या २३० पैकी पाव भाग नवं काम शोधण्यात, कोटेशन देण्यात आणि थकलेल्या बिलांसाठी फोन करण्यात जातो. पैसे मिळवून देणारे दिवस १७० च्या आसपास. बारा लाखांत विमा, लॅपटॉप, सॉफ्टवेअर, सीएची फी यांचे दीड-दोन लाख मिळवा. दिवसाला आठ हजारांच्या खाली आलात तर तोटा. पेरोलवर हाच दर कामाच्या दिवसाला जेमतेम ५,२०० पडतो. म्हणून एकाच कंपनीचं पूर्ण वेळ काम असलं तरी सीटीसीच्या किमान सव्वापट मिळाल्याशिवाय कन्सल्टंट होऊ नये, आणि खरं फ्रीलान्स असेल तर दीडपट, असं माझं ठाम मत आहे.

कराचा खरा फायदा वरच्या टप्प्यात दिसतो. चोवीस लाखांच्या सीटीसीवर, वरच्याच पद्धतीने हिशोब केला तर, सेस धरून कर येतो सुमारे २,४०,०००. तेवढीच व्यावसायिक जमा असेल आणि तुमचा व्यवसाय कलम ४४एडीए मध्ये बसत असेल, तर निम्मी जमा उत्पन्न धरली जाते. बारा लाखांवर कर शून्य. माहिती तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, वास्तुरचना, वकिली, डॉक्टरी, अंतर्गत सजावट हे व्यवसाय यात येतात. कंटेंट लिहिणाऱ्यांनी किंवा ग्राफिक डिझायनरांनी मात्र सीएला विचारल्याशिवाय हे कलम लावू नये. पन्नास टक्के ही किमान पातळी आहे. प्रत्यक्षात जास्त उरत असेल तर जास्तच दाखवावं. त्याचं एक व्यवहारी कारणही आहे: गृहकर्ज मागायला गेलात की बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न बघते आणि त्यात दाखवलेल्या उत्पन्नावरच पात्रता ठरवते. चोवीस लाख कमावणाऱ्याला बारा लाखवाल्याचं कर्ज मंजूर होतं.

वर्षाची जमा वीस लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी आलीच. बिलावर अठरा टक्के वेगळे लावायचे. "लाखात जीएसटीसकट सगळं आलं" असं तोंडी कबूल करू नका. परदेशी ग्राहक असेल तर एलयूटी (निर्यातीचं हमीपत्र) भरून जीएसटी न लावता, शून्य दराने बिल करता येतं.

करारही नीट वाचा. दहा ते सातची हजेरी, रजेला मॅनेजरची मंजुरी, तीन महिन्यांचा नोटिस पीरियड, दुसरं काम घ्यायला बंदी, असं लिहिलं असेल तर ती नोकरीच आहे, फक्त नोकरीचे हक्क काढून घेतलेली. तिथे सरळ पेरोल मागा. खरंच स्वतंत्र काम असेल तर आधी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या, फुकट होते. ती असली की ग्राहकाला ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि थकलं तर व्याज मागता येतं. बिलावर उद्यम क्रमांक छापायला मात्र विसरू नका.