उन्हाळ्यात साठवा, खरिपात द्या: मक्यासाठी मानवी मूत्रातील नत्र

खरीप मक्याला जुलैत नत्राचा हप्ता मूत्रातून द्यायचा असेल, तर साठवण एप्रिल-मेमध्येच सुरू करावी. मूत्र निर्धोक होते ते साठवणीतच, आणि उन्हाळ्याच्या उष्णतेत हे काम लवकर होते.

आधी हिशेब पाहू. प्रौढ माणसाला दिवसाला एक ते दीड लिटर मूत्र होते. साठवलेल्या मूत्रात लिटरमागे साधारण ३ ते ५ ग्रॅम नत्र असते, स्फुरद मात्र अगदी थोडे. त्यामुळे शेणखत आणि स्फुरदाचा नेहमीचा हप्ता चुकवू नये. २०० लिटरच्या ड्रममध्ये सुमारे ८०० ग्रॅम नत्र, म्हणजे पावणेदोन किलो युरियाइतके, मिळते. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची बरोबरी करायला ५ हजार लिटर मूत्र लागेल. म्हणून घरच्या साठ्यावर एकरांचे बेत आखू नयेत. गुंठा-दोन गुंठे मका किंवा परसातली केळी यांनाच तो पुरतो. या दोन्ही पिकांवर बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने मूत्राचे प्रयोग केले आहेत. आश्रमशाळेच्या किंवा वसतिगृहाच्या मुतारीला लागून शेत असेल, तर मात्र मोठे क्षेत्र धरता येते.

साठवायला घट्ट झाकणाचे दोन निळे प्लास्टिक ड्रम घ्यावेत. लोखंड, जस्ताचा पत्रा, पितळ अमोनियाने गंजतात. मुतारीचा पाइप ड्रमच्या तळापर्यंत न्यावा. वरून धार पडत राहिली तर अमोनिया उडतो. पाइपला चांगला उतार ठेवावा आणि वळणे कमीत कमी असावीत, कारण वळणात पांढरे कठीण क्षार साचून पाइप तुंबतो. पाणी ओतून धुऊ नये. मूत्र पातळ होते आणि बोअरच्या जड पाण्याने क्षार अधिकच साचतात. फिनेल, ॲसिड ड्रममध्ये जाता कामा नये.

ताज्या मूत्रात नत्र युरियाच्या रूपात असते. काही दिवसांत जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि सामू (पीएच) ९ च्या आसपास जातो. रोगजंतू मरतात ते याच अमोनियामुळे, आणि पिकाला मिळणारे नत्रही हाच. ड्रमजवळ उग्र वास येत असेल तर नत्र हवेत चालले आहे, झाकण तपासावे. पहिला ड्रम भरला की त्यावर तारीख लिहून सावलीत ठेवावा आणि दुसरा लावावा. भरलेल्यात पुन्हा ताजे ओतले तर मुदत पहिल्यापासून मोजावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे २० अंश किंवा जास्त तापमानात शिजवून खायच्या पिकांना आणि चाऱ्याला एक महिना, कच्च्या खायच्या भाज्यांना सहा महिने साठवण लागते. टायफॉइड, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा प्रतिजैविकांचा उपचार चालू असलेल्यांचे मूत्र घेऊ नये. काढणीपूर्वी एक महिना वापर थांबवावा.

मका ६० × २० सेंमीवर असेल तर गुंठ्यात ८३० च्या आसपास झाडे बसतात. पेरणीनंतर ३० आणि ४० ते ४५ दिवसांनी, प्रत्येक वेळी झाडाला १२० मिलि साठवलेले मूत्र तिप्पट पाण्यात मिसळून द्यावे. म्हणजे झाडाला अर्धा लिटर द्रावण, आणि एका ड्रममध्ये गुंठ्याचे दोन्ही हप्ते. काढण्यापूर्वी ड्रम काठीने तळापासून ढवळावा. तळाच्या गाळात स्फुरद बसलेले असते. बुंध्यापासून १० सेंमी अंतरावर तेवढीच खोल चर काढून, वाफसा (चिखल नाही, पण ओल आहे अशी माती) असताना, संध्याकाळी द्रावण ओतावे आणि लगेच मातीने झाकावे. चर उघडी राहिली तर निम्मी मेहनत वाया जाते. पानांवर पडले तर पाने करपतात. जोरदार पावसाचा अंदाज असेल तर हप्ता दोन-तीन दिवस पुढे ढकलावा. ठिबकमधून अजिबात सोडू नये, क्षारांनी ड्रिपर बंद होतात.

मूत्रात मीठही असते. त्यामुळे क्षारपड जमीन, द्राक्षबाग आणि घेवड्यासारखी मिठाला हळवी पिके यांना हे खत देऊ नये. सेंद्रिय प्रमाणपत्राच्या किंवा निर्यातीच्या क्षेत्रावर प्रमाणन संस्थेची लेखी परवानगी आधी घ्यावी.

शेत लांब असेल आणि ड्रम वाहून नेणे जमत नसेल, तर मूत्रातल्या स्फुरदाची कोरडी पूड, म्हणजे स्ट्रुव्हाइट, करता येते. महिनाभर साठवलेल्या १०० लिटर मूत्रात २०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट थोड्या पाण्यात विरघळवून ओतावे, दहा मिनिटे ढवळावे आणि दाट कापडातून गाळावे. ताज्या मूत्राचा सामू कमी असल्याने त्यात साका नीट बसत नाही. कापडावर दीड-दोनशे ग्रॅम पांढरी पूड मिळते. ती पातळ थरात, सावलीत, पूर्ण कोरडी होईपर्यंत वाळवावी. तापलेल्या पत्र्यावर ५५ अंशांपुढे तिच्यातला अमोनिया उडतो. ही पूड स्फुरदासाठी चांगली. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत ती बऱ्यापैकी विरघळते, चुनखडीच्या काळ्या जमिनीत फार सावकाश. नत्र मात्र ९० टक्क्यांहून अधिक गाळलेल्या पाण्यातच राहते. ते गटारात न सोडता जवळच्या केळीला किंवा गवताला, वर सांगितल्याप्रमाणे चरीतूनच द्यावे.