सोसायटीच्या सभेत आवाज न चढवता बोलताना
गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत वाद बहुधा पार्किंग, गळती किंवा शुल्क यांवरून पेटतो, आणि ‘तुम्ही नेहमीच असं करता’ हे वाक्य एकदा तोंडातून गेले की मूळ मुद्दा बाजूला पडून जुनी उणीदुणी निघू लागतात. म्हणून आक्षेप व्यक्तीवर न घेता कागदावर घ्यावा. समजा, भाड्याने दिलेल्या सदनिकेवर जादा बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः सदनिकेत राहत नसल्यास संस्था आकारते ते शुल्क) लावले गेले आहे. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, असा राज्य शासनाचा २००१ चा आदेश आहे. अशा वेळी बिल हातात धरून, अध्यक्षांना उद्देशून, ‘सेवाशुल्क २,००० रुपये असताना हे शुल्क २०० ऐवजी ५०० कसे झाले, एवढेच मला समजून घ्यायचे आहे,’ असे संथपणे विचारावे आणि गप्प राहावे. (खरी कसोटी या गप्प राहण्यातच लागते.) मागच्या रांगेतून कोणी ‘भाडं घेता, मग भरायला काय होतं?’ असे डिवचले, तरी मान न वळवता तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा अध्यक्षांपुढे ठेवावा. तरीही उत्तर टाळले गेल्यास, आपला आक्षेप सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घेण्याची विनंती करून खाली बसावे.