ट्रेलर जहाजावर चढवायचाय? आधी कड्या मोजा

येत्या बुधवारी नागपूरजवळच्या आमच्या हिंगण्याच्या शेडमधून एक टँकर-ट्रेलर केनियातल्या मोम्बासा बंदराला निघतोय. मागच्या खेपेला माझ्याकडून जी घोडचूक झाली ती एमआयडीसीतल्या दुसऱ्या कुणाकडून होऊ नये, म्हणून ही तयारी लिहून काढतोय.

डब्यातला माल पाठवायचा तर नागपूरच्या डेपोतून कंटेनर सीलबंद होऊन रेल्वेने न्हावा-शेव्याला जातो, आपली जबाबदारी तिथेच बरीचशी संपते. चाकांवरच्या मालाचं तसं नाही. तीन अ‍ॅक्सलचा ट्रेलर डब्यात मावत नाही. तो मुंबईपर्यंत आपल्याच चाकांवर जातो आणि गोदीतला टग, म्हणजे ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर, त्याला रो-रो (गाड्या चाकांवरच आत-बाहेर नेणाऱ्या) जहाजाच्या रॅम्पवरून ओढत आत नेतो. क्रेनचं कामच नाही. आत मजल्यावर मजले असतात. ठरल्या जागी ट्रेलर उभा केला की साखळीचं एक टोक डेकमधल्या कडीत, दुसरं ट्रेलरच्या कडीत, आणि मग ती आवळायची. जहाजाच्या कड्या जहाजवाल्यांनी बसवलेल्या असतात. तुमच्या ट्रेलरला कडी आहे का?

माझ्या ट्रेलरला नव्हती. गोदीत लॅशिंगचा, म्हणजे साखळ्यांनी माल बांधायच्या कामाचा, मुकादम टॉर्च घेऊन चासीखाली वाकला, एक चक्कर मारली आणि विचारलं, "शेठ, हूक कुठं लावू?" मडगार्डचा ब्रॅकेट दाखवला तर त्याने नुसती मान हलवली. वेल्डिंग आत करू देत नाहीत. ट्रेलर बाहेर काढून कड्या मारून आणेपर्यंत जहाज गेलं होतं. पुढच्या जहाजापर्यंत यार्डाचं भाडं चढत राहिलं आणि तिकडचा गिऱ्हाईक रोज फोन करत राहिला.

म्हणून कड्या. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा यावर १९८५ चा ठरावच आहे. गाडीचं भारासकट एकूण वजन साडेतीन ते २० टन असेल तर प्रत्येक बाजूला किमान २ कड्या, २० ते ३० टनांना ३, ३० ते ४० टनांना ४. म्हणजे आपल्या मोठ्या ट्रेलरला दोन्ही बाजू मिळून आठ. आतला गाळा किमान ८० मिमी हवा, नाहीतर साखळीचा हूक शिरत नाही. कडी चासीच्या मुख्य बीमलाच मारा. साइडगार्डला नको, मडगार्डला नको, पत्र्याला तर अजिबात नको. साखळी डेकशी ३० ते ६० अंशांच्या कोनात बसली तर धरते, त्यामुळे कडी अशा जागी हवी की मध्ये टायर किंवा पाण्याचा पाइप येणार नाही. आणि ती रंगवा, लांबून दिसेल अशी. अंधाऱ्या डेकवर काम करणाऱ्या माणसाने ती चाचपडत शोधायची नसते.

"रिकामा ट्रेलर, तो जागचा कुठं हलतोय?" असं मला आमच्याच फिटरने विचारलं होतं. त्याला हे उत्तर. २००६ साली अलास्काजवळ कूगर एस नावाचं मोटारींचं जहाज जवळजवळ ६० अंशांत कलंडलं. आत ४,७०० हून जास्त माझदा गाड्या होत्या आणि बहुतेक सगळ्या पट्ट्यांच्या जोरावर जागच्या जागी राहिल्या. बांधणी म्हणजे काय ते यावरून समजून घ्या. आणि पट्टा बांधायला गाडीत जागा होती म्हणूनच तो बांधता आला.

आता मापं. भाडं टनावर नाही, घनमीटरवर लागतं, तेही सगळ्यात उंच आणि सगळ्यात लांब टोकापासून. १२ मीटर लांब, अडीच रुंद, साडेतीन उंच म्हणजे १०५ घनमीटर. वर मॅनहोलची रेलिंग २० सेंटिमीटर निघाली तर आणखी ६ घनमीटरांचे पैसे, निव्वळ हवेचे. रेलिंग नटबोल्टवर बसवा. मात्र काढलेली रेलिंग पक्की बांधून पाठवायची, सुटी ठेवायची नाही.

चासी नंबर रंगाखाली दबला असेल तर आत्ताच खरवडून काढा. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या माल-पावतीवर, तोच आकडा, तेच अक्षर हवं. शून्य आणि ओ यांच्यात गफलत झाली की तिकडे माल अडकतो.

काळी माती धुऊन काढा, चासीच्या आतल्या बाजूने सुद्धा. किंगपिन (ट्रेलर ट्रॅक्टरला जोडणारी खीळ) आणि पुढच्या पायांना ग्रीस. एअरलाइनची गळती शेडमध्येच तपासा, हवा धरली नाही तर ब्रेक सुटत नाहीत आणि टग ट्रेलर हलवू शकत नाही. स्टेपनी आवळून. टायरमध्ये हवा.

प्रवास समृद्धीने, ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर, पुढे मुंबईची गर्दी. गोदीची तारीख असेल त्याच्या दोन दिवस आधी पोचा. आत सोडण्याआधी चारही बाजूंचे आणि खालचे फोटो. कड्यांचे वेगळे, एकेक.

विमा, शिपिंग बिल (कस्टमचा निर्यातीचा कागद), केनियाचं दर्जाचं प्रमाणपत्र हे एजंटकडून लिहून घ्या, तोंडी नको.

आमच्या या ट्रेलरच्या आठही कड्या मारून झाल्यात, पिवळा रंग काल दिला. उद्या सकाळी आमच्याच साखळीचा हूक एकेका कडीत घालून बघणार आहे.