सीमाभागात आशा टिकत नाहीत? या चुका टाळा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल, गडहिंग्लज, चंदगड, शिरोळच्या सीमेवरच्या गावांत आशाताई, म्हणजे कामाप्रमाणे मोबदला मिळणारी गावची आरोग्य स्वयंसेविका, मिळते, पण टिकत नाही. कष्टाला ती भीत नाही. केलेल्या कामाचा मोबदला अडकला की तिचं मन उडतं, आणि तो अडकण्याचं मोठं कारण म्हणजे माहेरचं बाळंतपण.

पहिलटकरीण माहेरी जाते. कागलच्या सुनेचं माहेर निपाणीत, म्हणजे कर्नाटकात. दवाखान्यात बाळंतपण झालं की 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आशाताईच्या गृहभेटी असतात. या सगळ्या भेटींचे मिळून 250 रुपये मिळायला जन्मवजनाची नोंद, लसीकरण आणि जन्मनोंदणी लागते. पण जन्माची नोंद होते जिथं बाळ जन्मलं तिथं. बाळंतीण सासरी येते, दाखला माहेरच्या कपाटात राहतो आणि ताईचा दावा अपुरा ठरतो. त्याहून वाईट म्हणजे "तिकडची ताई गेली असेल" असं दोन्हीकडे धरलं जातं आणि तिसऱ्या, सातव्या दिवसाची भेटच होत नाही. नवजात बाळाला सगळ्यात जास्त धोका याच दिवसांत असतो.

म्हणून सातव्या महिन्यातच विचारा, बाळंतपण कुठं? माहेरचं गाव आणि तिथल्या आशाचा फोन माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या. कोणत्या भेटी कुणी करायच्या, ते दोन्हीकडच्या सिस्टरांनी (उपकेंद्राच्या नर्सनी) आधीच बोलून ठरवावं. डिस्चार्ज कार्डाचा फोटो त्याच दिवशी मागवा, जन्मनोंदणी 21 दिवसांच्या आत करायला सांगा.

निवडीतली चूक वेगळी. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी हुशार मुलगी ग्रामसभेला आवडते, पण वर्षभरात ती गाव सोडते. गावात नांदणारी 25 ते 45 वयाची, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री घ्यायची असा निकष आहे, तो यासाठीच. वस्तीत कानडी बोलत असतील तर कानडी येणारीच बघा. दुभाष्यासमोर बाई अंगावरून जाण्याचं दुखणं सांगत नाही.

प्रशिक्षणात वजनकाटा नुसता दाखवून भागत नाही, तो तिच्या हातात द्या. आधी रिकामी झोळी अडकवायची, काटा शून्यावर आणायचा, मग बाळ ठेवायचं आणि आकडा डोळ्यांच्या रेषेत वाचायचा. झोळीचं वजन मिसळलं तर 2.4 किलोचं बाळ अडीचच्या वर दिसतं आणि कमी वजनाचं बाळ यादीतून निसटतं. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायला लावा. 60 किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, तरीही तेवढेच आले तर लगेच दवाखाना.

गळीत हंगामात शिरोळ, हातकणंगलेकडं ऊसतोड टोळ्या उतरतात. हजार लोकसंख्येमागे एक आशा या हिशोबात ती खोपटं नसतात, काम मात्र तिच्याच गळ्यात पडतं. टोळी आल्याच्या आठवड्यातच गरोदर बाया आणि लहान लेकरांची वेगळी यादी करा, गटप्रवर्तकाची (आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या ताईची) सही घ्या आणि त्या भेटी दर महिन्याच्या दाव्यात स्वतंत्र दाखवा. दावा कापला तर कुठली ओळ का कापली, हे ताईला लेखी द्या, म्हणजे पुढच्या महिन्यात ती कागद जोडून परत मागू शकेल.