मोठेपणी ऑटिझमची तपासणी करून घेताय? या चुका टाळा

दुसऱ्या मानसिक आजारावर उपचार चालू असताना, ‘आपल्याला ऑटिझम तर नाही?’ अशी शंका येणाऱ्या प्रौढांसाठी हे लिहितोय. ऑटिझम म्हणजे लोकांत मिसळणं, बोलणं, आवाज-स्पर्श सोसणं लहानपणापासूनच वेगळं असणं. पहिली चूक डॉक्टरांसमोर खुर्चीत बसताबसताच होते. "डॉक्टर, मला स्किझोफ्रेनिया नाही, ऑटिझम आहे. आधीच्यांचं चुकलं." झालं, उरलेली भेट त्या वादात जाते. स्किझोफ्रेनिया म्हणजे भास-भ्रमांचा आजार. तो आणि ऑटिझम ही दोन्ही निदानं एकाच माणसात असू शकतात. बायपोलर (मन कधी अतिउत्साहात, कधी खोल नैराश्यात), ओसीडी (तेच विचार, त्याच कृती पुन्हापुन्हा), नैराश्य यांचंही तसंच. मागणं एवढंच ठेवा: लहानपणापासूनच्या अमुक गोष्टींचा या निदानातून उलगडा होत नाही, त्या तपासून बघाल का?

दुसरी चूक जिवावर बेतू शकते. ‘गोळ्यांमुळे खरा मी दिसत नाही’ म्हणून तपासणीआधी औषध बंद करणं. लिथियम हे बायपोलरवरचं औषध एकदम तोडलं तर मेनिया, म्हणजे अनावर उत्साहाची अवस्था, उसळू शकतो, आणि त्या अवस्थेत केलेल्या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही. काही औषधांनी चेहरा मख्ख होतो, हालचाल मंदावते, हे खरं आहे. म्हणून कोणती गोळी कधी सुरू झाली आणि त्याआधी तुम्ही कसे होतात, हे लिहून न्या.

मोबाईलवर एक्यू ही ऑटिझमकडे कल किती ते सांगणारी ५० प्रश्नांची चाचणी सोडवून स्क्रीनशॉट दाखवण्यात फार अर्थ नाही. चिंतेने पोखरलेल्या माणसालाही तिथे भरपूर गुण पडतात.

सगळ्यात जास्त वजन बालपणाला. ऑटिझमची चिन्हं लहानपणापासून असतात. स्किझोफ्रेनिया बहुधा तारुण्यात सुरू होतो. म्हणून आठव्या वर्षी तुम्ही कसे होतात, हे कळायला हवं, आणि नेमका तिथेच आपल्याकडे घोळ होतो. "लहानपणी मी वेगळा होतो का?" असं विचारलंत तर मालवणकडची आई म्हणणार, "तसा काय नाय हां, शाणो होतो माजो झील." तिला वाटतं, तुम्ही तिच्या वाढवण्यावर बोट ठेवताय. त्यापेक्षा प्रसंग विचारा. शिमग्यात पालखी अंगणात आली, ढोल वाजायला लागले की मी कुठे असायचो? मुंबईचे पाहुणे आले की पंगतीत बसायचो का? कुठला सदरा टोचतो म्हणून रडायचो? पोरांत खेळायचो, की शिंपले ओळीने लावत एकटाच? आणि हे गणपतीत भरल्या घरात काढू नका. चार आत्या आपापली मतं घालतील. आई नसेल तर मोठी बहीण, नाहीतर प्राथमिक शाळेतल्या बाई. प्रगतिपुस्तकावरचा ‘मुलांत मिसळत नाही’ हा शेरासुद्धा कामाचा.

२०२१ च्या पुरात चिपळुणात अनेकांचे कागद वाहून गेले. तुमची फाइल त्यात गेली असेल तर जुन्या रुग्णालयाकडे नोंदी मागा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो हक्क रुग्णाला दिला आहे.

शब्दशः उत्तरं देण्याची सवय असेल तर ती आधीच सांगून टाका. "आवाज ऐकू येतात का?" याला "हो, येतात" म्हणणाऱ्याच्या मनात शेजारचा पंप आणि ट्यूबलाइटची गुणगुण असते, कागदावर मात्र भास म्हणून नोंद होऊ शकते. तसंच ‘मूड जातो’ असं मोघम बोलू नका. लग्नाच्या गर्दीनंतर बोलणं बंद होतं आणि अंधाऱ्या खोलीत काही तास पडलं की परत येतं, हे एक. काहीही न घडता आठवडाभर झोपेची गरजच वाटत नाही, हे निराळं. किती वेळ टिकतं, कशाने थांबतं, तेवढं तरी सांगाच.

ठिकाणाबद्दल थोडक्यात. जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. चाळिशीचा माणूस तिथून परत येतो. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय राज्यातल्या अशा चार रुग्णालयांपैकी एक. तिथे फक्त भरती करतात असं समजून ते टाळणारे बरेच, ते उगाच. सावंतवाडी-कुडाळकरांना गोव्यातलं बांबोळीचं सरकारी मनोरुग्णालय जवळ. कुठेही जायचं असलं तरी गाडी पकडण्याआधी फोनवर विचारा: प्रौढांची ऑटिझम तपासणी होते का, आणि सोबत कुणाला आणायचं?

अपंगत्वाचं प्रमाणपत्र ही वेगळी पायरी. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातल्या अपंगत्वाच्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, पण प्रमाणपत्रासाठी इसा ही ऑटिझमची तीव्रता मोजणारी ४० मुद्द्यांची मोजपट्टी लावतात. आयुष्यभर वागणं सावरून घ्यायला शिकलेल्या प्रौढाला त्यात गुण कमी पडू शकतात. तेवढ्यावरून निदान खोटं ठरत नाही.

वाट बघताना जीव नकोसा झाला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आधार फोनसेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. आणि अहवाल हातात आला की तो फाइलीत पुरून ठेवू नका. दर महिन्याला गोळ्या लिहून देणाऱ्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना त्याची झेरॉक्स द्या.